श्रुतपंचमीला कपाटं पुढे ओढा



श्रुतपंचमी होऊन चार दिवस झाले. धरसेनाचार्यांकडून शिकलेलं ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या मुनींनी षट्खंडागमात लिहून पूर्ण केलं, तो हा ज्येष्ठ शुद्ध पंचमीचा दिवस. सगळ्यांनीच घरातली शास्त्रं बाहेर काढली असतील, पुसली असतील, नवी वेष्टनं घातली असतील. आमच्या महिला मंडळातही पूजा झाली. नंतर सगळ्या सरबत घेत बसलो असताना एका नव्या सुनेने विचारलं, "काकू, आम्ही यंदाच सगळं फर्निचर करून घेतलंय. पावसाळ्याआधी पेस्ट कंट्रोल करून घेऊ का? चालतं का आपल्यात?"

एकदम शांतता. कोणी पेल्यात बघतंय, कोणी पदर सारखा करतंय. कारण सरळ आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणी करून घेतात आणि सांगत नाहीत. मीही गप्प बसले आणि घरी येईपर्यंत ते मला टोचत राहिलं. मी करून घेतलेलं आहे. २००४ साली. तिला तिथे सांगायला हवं होतं ते आज इथे लिहिते.

आमच्या सांगलीच्या घरात माजघरात एक सागवानी कपाट आहे. आजेसासऱ्यांनी करून घेतलेलं, दोन दारांचं, माणसाच्या उंचीपेक्षा जास्त. वरच्या खणांत कपडे, खालच्या दोन खणांत शास्त्रं. त्याच्या मागच्या भिंतीपलीकडे न्हाणी. त्या वर्षी मुलाची बारावी होती. श्रुतपंचमीला मी शास्त्रं समोरून काढली, पुसली, पूजा केली आणि पुन्हा लावली. कपाट काही ओढलं नाही. जड आहे, दोन माणसं लागतात, आणि घरात तेव्हा निकाल आणि प्रवेश यापलीकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

कार्तिकातल्या अष्टाह्निकेला सासूबाई आठ दिवस कुंभोजच्या बाहुबलीला गेल्या होत्या. मी रत्नकरंड श्रावकाचाराची जुनी प्रत काढायला गेले तर ती हातात येईना, मागे चिकटलेली. ओढली तर अर्धाच ग्रंथ हातात आला. मागची पानं जाळीसारखी झाली होती आणि खणाच्या पाठीवर ओल्या मातीचा थर. वाळवी.

मला दोन गोष्टींची भीती वाटली. एक, वाळवी घरभर पसरेल. दुसरी, सासूबाई परत यायच्या आत हे आवरायला पाहिजे. मी माणूस बोलावला. त्याने भिंतीला भोकं पाडून औषध सोडलं, कपाटाच्या मागे फवारलं, दोन तासांत पैसे घेऊन गेला. संध्याकाळी मी केर काढला. केरात काय होतं ते लिहीत नाही.

सासूबाई आल्या, दारातच थांबल्या. "वास कसला?"

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. म्हटलं, "आत्याबाई, वाळवी लागली होती. माणूस बोलावून औषध मारून घेतलं."

"मारून घेतलं," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो, नुसतेच माझे शब्द त्यांनी परत उच्चारले. मला मात्र आपण काय बोलून गेलो ते तेव्हा ऐकू आलं. मी घाईने म्हणाले, मी काही केलं नाही, त्या माणसाने केलं. म्हणाले आणि जीभ चावली. कृत, कारित, अनुमोदना हे शब्द रोजच्या आलोचनेत आपल्या तोंडी असतात. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि झालं ते बरं झालं असं मनात म्हटलेलं. मी त्यातली दोन तर नक्कीच केली होती.

त्या आत गेल्या, कपाटापाशी बसल्या, आणि एवढंच विचारलं, "श्रुतपंचमीला ओढलं होतंस का ग हे?"

नव्हतं.

"मग वाळवी आता नाही लागली. ज्येष्ठातच लागली. आली तेव्हा मूठभर होती. आपण तिला लाखभर होऊ दिलं, मग मारलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. मीही केला. त्यांनी का करावा, त्या तर घरात नव्हत्या, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही. मला उपवासापेक्षा तो हिशेब लागला. बी.कॉम. झालेली बाई मी, चक्रवाढ मला कळायला हवी होती.

तर मैत्रिणींनो, मुनींच्या पाच समितींमध्ये आदाननिक्षेपण समिती आहे. वस्तू उचलायची ती बघून, ठेवायची ती जागा बघून, आणि बघून झाल्यावर मऊ पिंछीने जागा मोकळी करून. आपण गृहस्थ. आपल्याकडे कमंडलू-पिंछी नाही, सोफा आहे, डायनिंग टेबल आहे, मुलांच्या खोल्यांतली भिंतीत बसवलेली कपाटं आहेत. पण फर्निचरची निगा म्हणजे मला तरी त्या समितीचंच घरगुती रूप वाटतं. पॉलिशची चमक नंतर. आधी बघणं.

त्या वर्षापासून मी एक वही ठेवली. तीन रकाने: वस्तू, कधी हलवली, काय दिसलं. वर्षातून दोनदा घरातली प्रत्येक पायांची वस्तू जागची हलते. एकदा श्रुतपंचमीला, पावसाच्या तोंडावर. दुसऱ्यांदा कार्तिक शुद्ध पंचमीला, पाऊस सरल्यावर. ती आपल्या श्वेतांबर भगिनींची ज्ञानपंचमी, त्याही तेव्हा ग्रंथ काढतात. दोन्ही परंपरांनी पावसाच्या दोन टोकांना एकेक दिवस ठेवलाय, मी दोन्हीचा फायदा घेते.

त्या कपाटाची गोष्ट आधी पूर्ण करते, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. सुतार आला तेव्हा कळलं की कपाटाची चौकट, दारं, फळ्या सगळं जुन्या सागाचं, त्याला वाळवीने हातही लावला नव्हता. सागाच्या गाभ्यात अंगचंच तेल असतं, वाळवी त्याच्या वाट्याला सहसा जात नाही. पण मागची पाठ आंब्याच्या फळ्यांची होती. दिसत नाही म्हणून तिथे स्वस्त लाकूड वापरलेलं. सागाचाही बाहेरचा पांढरट भाग गाभ्यासारखा टिकत नाही, तेव्हा नवीन काही करून घेताना "साग आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, मागचं आणि खालचं लाकूड कोणतं ते विचारा. नवी पाठ आम्ही सागाचीच केली आणि खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवली, म्हणजे उघडून बघता येते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घेतलं. न्हाणीच्या फरशांच्या सांधी भरून घेतल्या. वाळवी जमिनीतून येते, तिला ओल लागते. ओल गेली की अर्धं काम झालं.

२०१३ साली पुन्हा भिंतीवर मातीची एक बारीक रेघ दिसली, करंगळीहून बारीक. कपाट त्याच दिवशी खोलीच्या मधोमध आणलं, गळका नळ दुरुस्त केला आणि रेघेला हात लावला नाही. पंधरा दिवसांनी ती वाळून रिकामी झाली होती. वहीत नोंद आहे.

आता एकेका वस्तूबद्दल.

लाकडाला रोज कोरडं, मऊ सुती कापड पुरतं. ओल्या फडक्याने पुसायचंच तर पाणी गाळलेलं, फडकं घट्ट पिळलेलं आणि मागोमाग कोरडं कापड. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. आमच्या सूनबाईला वाटायचं मी फरशीवर चरे पडतात म्हणून सांगते. तेही खरंच, पण ओढलेल्या खुर्चीच्या पायाखाली मुंगी दिसत नाही, आणि ओढून ओढून पायांचे सांधेही खिळखिळे होतात. पूर्वी कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे. आमच्याकडे ती पद्धत कधी नव्हती. मुंग्या बुडतात आणि साठलेल्या पाण्यात डास होतात. त्याऐवजी पायाखाली दगडी लादीचे तुकडे ठेवा. आणि मुंग्यांसाठी बाजारात जो खडू मिळतो, त्याच्या रेघेने मुंगी नुसती अडत नाही, मरते. त्यात विषच असतं. बऱ्याच चांगल्या घरांत देव्हाऱ्याभोवतीसुद्धा ती रेघ बघितली आहे, म्हणून लिहिलं.

लाकडाखाली पिठासारखा भुसा पडला आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर ती वाळवी नव्हे, भुंगेरा. पण भोकं जुनी असू शकतात. भुसा झाडून घ्या, खाली काळा कागद पसरा, आठ दिवसांनी बघा. कागदावर काही नसेल तर किडा कधीचाच निघून गेलाय, उगाच घाबरायचं नाही. भुसा असेल तर ती फळी सुताराकडून काढून घ्या आणि दूर झाडाखाली सावलीत ठेवून द्या. भोकं मेणाने किंवा लांबीने बुजवणं म्हणजे आतल्या जिवाला कोंडणं, ते मला करवत नाही. फळीमागे चारपाचशे रुपये जातात, जाऊ देत.

पॉलिशबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे आपल्याला माहीतच नसतं. सुतार ज्याला स्पिरिट पॉलिश म्हणतो ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं असतं. लाख हा झाडाच्या फांदीवर बसणाऱ्या बारीक किड्यांचा स्राव. फांद्या तोडून लाख खरवडतात तेव्हा त्यात असंख्य किडे जातात. श्वेतांबर परंपरेत श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार सांगितलाय, तो उगाच नव्हे. तयार मिळणाऱ्या कित्येक मेणाच्या पॉलिशमध्ये मधमाश्यांचं मेण असतं. मध आपण चाखत नाही आणि मेण टेबलाला चोळतो. मी जवसाचं तेल वापरते. थोडंसं तेल कापडावर घेऊन रेघांच्या दिशेने चोळायचं, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून काढायचं, नाहीतर चिकट राहतं आणि त्यावर धूळ आणि बारीक जीव बसतात. एक इशारा मात्र लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. अंगणात सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून मग टाका.

आणि हो, जुन्या वस्तूंचा फार अभिमानही बाळगू नका. फेव्हिकॉल १९५९ साली आलं. त्याआधी सुतार सरस उकळून सांधे जोडायचे, आणि सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. आमचं कपाट त्याच्याही आधीचं. सासूबाईंना मी हे कधी सांगितलं नाही.

लोखंडी कपाटाला वाळवीची भीती नाही, पण ते पावसाळ्यात आतून घामेजतं. पाय आणि मागची खालची कड बघा, गंज तिथून सुरू होतो. पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइड लावून मग रंग. बिजागरीला शिवणयंत्राचं तेल एकच थेंब. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि मुंग्या येतात. कपड्यांत डांबराच्या गोळ्यांऐवजी वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा पाला ठेवते. पाला झाडाखाली पडलेला, वाळलेला. तोडून आणायचा नाही. वेखंड जमिनीखालचं म्हणून एक वन्सं मला हटकतात. खात नाही हो, नुसतं ठेवते.

वेताच्या खुर्चीची बैठक सैल पडली तर टाकू नका. उलटी करून खालच्या बाजूने ओल्या कापडाने भिजवा आणि सावलीत वाळू द्या, वेत आवळून ताठ होतो. ढेकणांना मात्र वेताची विण आवडते. घरात प्रवासाच्या बॅगा येतात त्या कॉटवर ठेवायच्या नाहीत, एवढा नियम पाळला तर बहुतेक वेळा ढेकूण घरात येत नाहीत. आमच्या आजीच्या काळी खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचे, मी लहानपणी बघितलंय. त्या विषयावर इथेच थांबते.

सोफा घेताना "लेदर आहे का" एवढंच विचारू नका. "हाफ लेदर" म्हणून एक प्रकार मिळतो, बसायची जागा खऱ्या चामड्याची आणि बाजू रेक्झिनच्या. दुकानदार बाजूवर हात फिरवायला लावतो. रेक्झिन आपल्या हवेत काही वर्षांत सोलपटतं, म्हणून मला लाकडी सोफा आणि सुट्या गाद्या बऱ्या वाटतात. खोळ निघते, धुता येते, खाली काय आहे ते दिसतं. व्हॅक्यूम क्लीनर फिरवण्याआधी गादी उचलून बघा. त्या पिशवीत गेलेला जीव वाचत नाही.

स्वयंपाकघरातल्या प्लायवूडच्या कपाटांसाठी वेगळं काही करावं लागत नाही, आपली रात्रिभोजनाची शिस्तच कामाला येते. दिवे लागायच्या आत ओटा आवरलेला, सिंक कोरडं, रात्री कोणी बिस्किटं खात हिंडत नाही. ज्या घरात हा नियम ढिला झाला तिथेच झुरळांच्या तक्रारी जास्त, हे माझं निरीक्षण.

सगळ्यात नाजूक म्हणजे भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं फर्निचर. ते आम्हाला २०१९ ने दाखवलं. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा आम्ही नातेवाइकांकडे गेलो होतो. शास्त्रं तेवढी आधीच माळ्यावर चढवली होती. परत आलो तेव्हा मुलाचं तीन वर्षांचं वॉर्डरोब फुगून पावासारखं झालं होतं, हात लावला की गळत होतं. सोफ्याचे फोम फेकले. लोखंडी कपाटाचं कुलूप गंजून बसलेलं. सागवानी कपाट गाळाने भरलं होतं. धुतलं, दारं उघडी ठेवून सावलीत तीन आठवडे वाळवलं. उन्हात ठेवलं असतं तर तडकलं असतं. एक दार किंचित वाकलं, अजून लावताना जरा उचलावं लागतं. भिंतींवर, लाकडावर सगळीकडे बुरशी. अनंतकाय म्हणून आपण पावभाजीचा शिळा पाव बघूनसुद्धा मागे सरतो, आणि तेव्हा महिनाभर ती पुसत होते. त्याला माझ्याकडे उपाय नव्हता. एवढंच, की कोरडं ठेवता येत होतं त्या वर्षांत मी कोरडं ठेवलं होतं.

हिशेबात फर्निचरला दर वर्षी दहा टक्के घसारा धरतात. दहा हजारांचं टेबल पुढच्या वर्षी नऊ हजार, मग आठ हजार शंभर. त्या गणिताने ते कधीच शून्य होत नाही, तसं आपल्याकडून ते कधी सुटतही नाही. सासूबाईंनी परिग्रहाचं परिमाण घेतलं होतं, त्यात पलंग किती, कपाटं किती हेही होतं. मी तसं व्रत घेतलेलं नाही. पण वहीत नवीन वस्तूची ओळ वाढवताना हात थबकतो, कारण वर्षातून दोनदा तीही हलवायची असते आणि माझे गुडघे आता पूर्वीचे नाहीत.

आता त्या सुनेचा प्रश्न. चालतं का? काही जणी म्हणतात, घराचं रक्षण ही विरोधी हिंसा, गृहस्थाला तिचा त्याग नसतो. मला हे पटत नाही. वाळवी आपल्यावर चाल करून येत नाही, ओल आणि लाकूड आपणच तिच्यासमोर मांडतो. पण उद्या घराचे वासेच लागले, छत डोक्यावर यायची वेळ आली, तर मी काय करेन? तेव्हा कदाचित पुन्हा माणूस बोलावेन, आणि उपवासही करेन. ते मी आज नाही म्हणणार नाही. पण तुझं फर्निचर नवीन आहे, बाळा. कंपनीवाले "आधीच मारून ठेवू" म्हणतात, तसलं काही नको. भिंतीत बसवलेल्या कपाटांची पाठ स्क्रूची करून घे. बाथरूमच्या भिंतीला टेकून काही ठेवू नकोस. एक वही कर.

यंदा पंचमीला मुलाने आणि सूनबाईने मिळून कपाट पुढे ओढलं. मागे भिंतीवर काबुली चण्याएवढी दोन पांढरी अंडी चिकटलेली होती. पालीची. पाल स्वतः फोटोच्या मागे जाऊन बसली. सूनबाई तीन पावलं मागे सरली, मग तिनेच वहीत लिहिलं: "कपाट, ज्येष्ठ शु. ५, पालीची अंडी दोन." कपाट अजून खोलीत दीड हात पुढे उभं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्याला कोपरा लागतो. काल आमच्या ह्यांनी वैतागून विचारलं, हे परत जागेवर कधी जायचं. सूनबाई म्हणाली, "फुटली की."